रिकामा ठेवायचा डबा

मित्रांनो, डबा म्हटलं की तुम्हाला पोळीभाजी आठवेल, फार तर दिवाळीचे लाडू. मीही एक जुना डबाच आहे, पण माझ्यात कुणी कधी खायचं काही ठेवलं नाही. मी एका जीपच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीला, पट्टीवर कसलेला असे. इंजिनाच्या पोटातून जी तेलकट वाफ निघते ती माझ्यात यायची, तेल माझ्या तळाशी बसायचं आणि कोरडी हवा पुढच्या नळीने परत इंजिनात जायची. दुसऱ्याची घाण आपल्या पोटात ठेवायची, हाच माझा धंदा. अशा धंद्याला कुणी हार घालत नाही. मला मात्र एकदा घातला गेला आणि तिथंच घात झाला.

माझा जन्म कामथडीचा. तिथे हायवेच्या कडेला आनंदराव मिस्त्रींचं गॅरेज आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाइपाचा तुकडा त्यांनी लेथवर घासूनपुसून घेतला, त्याला बूड जोडलं आणि वर आट्यांचं झाकण केलं, नुसत्या हाताने फिरवून उघडेल असं. दोन अंगांना दोन नळ्या बसवल्या, तळाला एक छोटी तोटी. एवढं देखणं केल्यावर पोटात काय कोंबलं म्हणाल, तर भांडी घासायची तारेची घासणी! मला तिची फार लाज वाटली. पुढे कळलं, की वाफ त्या तारांना अडखळते आणि तेलाचे थेंब तिथेच गळून पडतात. माझी सगळी अक्कल त्या घासणीतच होती.

मला बनवून घेतलं धनाजीने. विंझरच्या वरच्या अंगाला, खिंडीपलीकडे त्याची वाडी. त्या वाडीत चारचाकी अशी एकच, धनाजीची डिझेलवरची जीप. तीही वयाने झालेली. तिच्या इंजिनातली तेलकट वाफ हवेच्या पाइपात शिरून चिखल करायची आणि जीप चढाला धुरकटायची. म्हणून मिस्त्रींनी मला मधे बसवलं.

पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली. मिस्त्रींनी जोडायला मऊ नळी वापरली होती. गाडी तापली तशी ती नळी तापली आणि चपटी होऊन चिकटून बसली. वाफेला वाट राहिली नाही. इंजिनात दाब साठला, तेल मोजायची पट्टी फट्‌दिशी वर उडाली आणि बॉनेटभर तेल शिंतडलं. धनाजी तसाच माघारी आला.

"मिस्त्री, ह्यो तुमचा डबा तेल अडवणार हुता ना? ह्यानं तर गाडीलाच वकाऱ्या लावल्या!"

मिस्त्रींनी नळी चाचपली. "डब्याचा काय दोष न्हाई, धना. म्याच नळी मऊ लावली." त्यांनी आतून तार असलेला जाड पाइप आणून बसवला. इंजिन चालू ठेवून त्यात तेल ओतायच्या तोंडावर तळहात धरला, हवा फुसफुसत नाही याची खात्री केली. मग हात पुसत म्हणाले, "आता एक ध्यानात ठेव. डिझेलच्या इंजिनाला तेल म्हंजे बी जळणच. ह्यो डबा भरला आन इंजिनानं त्यातलं तेल वढाया सुरवात केली, की चावी काढली तरी ते थांबायचं न्हाई. ह्यो रिकामा ठेवायचा डबा हाय."

धनाजीने ते मनावर घेतलं. तो मला नेमाने रिकामा करी. पहिल्या थंडीत माझ्या तोटीतून दुधाळ कॉफीसारखं काहीतरी निघालं, तेव्हा इंजिनात पाणी शिरलं म्हणून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मिस्त्रींनी फोनवर समजावलं, की धुक्याच्या दिवसांत दमट वाफ गार होते आणि तेलात मिसळते. त्यानंतर तो घाबरला नाही. मित्रांनो, ती वर्षं सुखाची होती. त्या जीपमधून वाडीतल्या बाळंतिणी गेल्या, भाताची पोती गेली, नवऱ्या गेल्या. धूर कमी झाला म्हणून लोक धनाजीला शाबासकी देत. मला कोण देणार? पण मी अंधारात बसून ऐकत असे आणि मला बरं वाटे.

धनाजीची आई बनाबाई. घरात काही संपलं असं ती कधी म्हणत नसे. मीठसुद्धा संपायचं नाही, ते 'वाढायचं'. भांडं कुणाचं आलं तर परत देताना त्यात निदान चार दाणे टाकल्याशिवाय ती देत नसे. मला बसवून आणलं त्या दिवशी तिने बॉनेटमधे डोकावून विचारलं होतं, "धना, ह्यो काय नवीन हाय रं?"

"तेलाचा डबा हाय, आये. तुला काय करायचंय त्यातलं?" असं म्हणून त्याने बॉनेट आपटलं.

तेलाचा डबा. तिने तेवढंच ध्यानात ठेवलं.

मग ती खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन पुजायची आणि त्यांना विसावा द्यायचा. धनाजीने जीप धुतली, मला रिकामा केला, घासणी स्वच्छ केली, झाकण लावलं आणि बॉनेट उघडं ठेवून तो शेतातून झेंडू आणायला गेला. बनाबाई ताट घेऊन आली. कोयत्याला, विळ्याला, नांगराला कुंकू लावून झालं. मग ती माझ्यापाशी आली. मी धुतलेला, चकचकीत. तिने कौतुकाने झाकण फिरवलं आणि आत पाहिलं.

"अगं बया, ह्यो तर पार कोरडा! सणाच्या दिशी रिकामं भांडं पुजायचं व्हय? ह्या पोराला कवा कळायचं!"

पडवीत इंजिन ऑइलचा कॅन होता. गाडीचं तेल गाडीलाच घालावं एवढं तिला कळत होतं, देवापुढचं गोडं तेल तिने आणलं नाही. तिने मला काठोकाठ भरलं. वरून पुसलं जाईल म्हणून झाकणाला आतून हळदीकुंकवाचं बोट लावलं, ते घट्ट बसवलं आणि हात जोडले. मला तोंड होतं, मित्रांनो, पण ते बोलणारं नव्हतं. धनाजी आला, त्याने जीपबरोबर मलाही हार घातला. मला त्यानेच तासाभरापूर्वी रिकामा केला होता, तो कशाला पुन्हा पाहील? आणि आई तरी मुद्दाम कशाला सांगेल? तिने फक्त रीत पाळली होती.

दसऱ्याच्या सकाळी धनाजीचे वडील सोनबा अंगणात बसले होते ते छाती धरून आडवेच झाले. अंगाला दरदरून घाम. बोलवेना. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची तर रेंज खिंडीत, आणि ती वर येईपर्यंत जीप विंझर ओलांडून दवाखान्याच्या वाटेला लागली असती. धनाजीने वडिलांना उचलून मागच्या बाकावर निजवलं. बनाबाईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"आबा, दम धरा. आत्ता पोचतो." त्याने जीप काढली.

सपाटीला नुसता धूर होता. चढ लागला तसा वाफेचा जोर वाढला आणि माझ्यातलं ताजं तेल ढकललं जाऊन इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत गेलं. इंजिनाला ती चव लागली. ते घटाघटा पिऊ लागलं. धनाजीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी आवाज चढतच गेला. मागे पांढऱ्या धुराचा लोट.

"बंद कर रं! बंद कर!" बनाबाई ओरडली.

"चावी काढलीया, आये! हातात हाय चावी!"

इंजिन किंचाळत होतं. शेवटी त्याने वरचा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. आतून मोडल्याचा आवाज आला आणि जीप गचकन थांबली. ती पुन्हा चालू झाली नाही. धनाजी रेंजसाठी खिंडीकडे पळत सुटला. फोन लागला, विंझरचा टेम्पोवाला चिमाजी लगोलग निघालाही. पण टेम्पो पोचला तेव्हा बनाबाई सोनबांच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि त्या कपाळाला काही कळत नव्हतं.

सोनबांचे दिवस झाल्यावर जीप ओढून कामथडीला नेली. मिस्त्रींनी मला खोलून झाकण काढलं. तळाशी अजून तेल होतं, स्वच्छ, सोनेरी.

"धना, हे काजळीचं तेल न्हाई. हे ताजं हाय. कुणी वतलं ह्यात?"

धनाजीने झाकण हातात घेतलं. आतल्या बाजूला हळदकुंकू होतं. तो त्याकडे बघत राहिला. मग अंगठ्याने ते पुसून काढलं आणि म्हणाला, "म्याच वतलं, मिस्त्री."

"तू? तुला तर म्या—" मिस्त्रींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला पुसून त्याच्या हातात दिलं.

मला तो पिशवीत घालून घरी घेऊन आला. बनाबाई उंबऱ्यापाशी बसली होती. मोकळ्या कपाळाची, मोकळ्या हातांची.

"काय म्हनला मिस्त्री? काय झालतं गाडीला?"

"पाइप फुटला हुता, आये. जुना झालता."

तिने पिशवीचं तोंड उघडून मला पाहिलं. मग म्हणाली, "म्या तर सणाचा डबा काठोकाठ भरला हुता, रं. तुला सांगायचं ऱ्हायलंच. तेवढं करून बी गाडीनं दगा दिला."

मित्रांनो, मी आता घरातल्या फळीवर असतो. माझ्यात काही नसतं. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरात नवी वस्तू आली की तिचं नुसतं नाव सांगून मोकळे होऊ नका. ती काय करते आणि कशाने बिघडते, हे घरातल्या थोरल्या माणसांनाही जवळ बसून सांगा. 'तुला काय करायचंय त्यातलं' असं आईला म्हणू नका. धनाजी म्हणाला होता. म्हणूनच गॅरेजमधे 'म्याच वतलं' म्हणताना त्याला आपण खोटं बोलतोय असं वाटलं नसावं.

त्या दिवशी आईला मात्र त्याने उत्तर दिलं ते खोटंच होतं. पिशवी कोपऱ्यात ठेवून तो तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "व्हय, आये. तू तेल घातलंस म्हणून तर निम्म्या वाटंपतुर तरी चालली."

"आसं व्हय?" ती म्हणाली, आणि सोनबा गेल्यापासून पहिल्यांदा तिने भाकरीचा तुकडा मोडला.