पायऱ्यांची विहीर

माझ्या नवऱ्याच्या डाव्या घोट्यावर एक पांढरट व्रण आहे आणि त्या व्रणापायी हा माणूस पायमोजे घालत नाही. लग्नकार्य असो, कडाक्याची थंडी असो, घोटा उघडाच. कुणीतरी विचारावं म्हणून पाय पुढे करून बसतो. कुणी विचारलं की मी उठून चहा टाकायला जाते, कारण पुढचं सगळं मला पाठ आहे. पण खरं सांगू का, ती गोष्ट त्याला सांगता येत नाही. तो ती हसण्यावारी नेतो. म्हणून एकदाची मीच लिहिते.

चोपन्न साल होतं. आम्ही दोघंही नागपूरहून डॉक्टर होऊन नुकतेच बाहेर पडलो होतो. तेव्हा तो माझा कोणी नव्हता, म्हणून घनश्याम असं नावानं लिहायला हरकत नाही. सरकार खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडत होतं आणि तिथं नेमायच्या डॉक्टरांनी आधी तीन महिने खेड्यात राहून शिकायचं, असं ठरलं होतं. पदवी हातात पडल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायचं, तेही भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत, या विचारानं माझं डोकं फिरलं होतं. घनश्याम तिरोड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, नवी नव्हती, त्यामुळे तो मजेत होता आणि त्याचाही मला राग येत होता.

आमची रवानगी नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावात झाली. गावाचं नाव लिहीत नाही. आता तिथं नळ आले आहेत आणि जुन्या रोगाच्या नावानं ओळखलेलं लोकांना आवडत नाही. आम्हाला शिकवायला केशोराव नावाचे प्रौढ डॉक्टर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी औषधांच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. कुणी मरणाच्या दारात असेल तर पेटी उघडीन, म्हणाले. एरवी तुम्ही दोघांनी गावात फिरायचं, बसायचं, बघायचं. मी विचारलं, डॉक्टरनं औषध द्यायचं नाही तर करायचं काय? ते म्हणाले, उद्या सकाळी विहिरीवर या.

गावाची विहीर पायऱ्यांची होती, दगडी, देखणी. भैयाजी पाटलांच्या आजानं दुष्काळात बांधलेली. बायका घागरी घेऊन थेट पाण्यापर्यंत उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवायच्या. आम्ही वरच्या पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात रुख्मा आली. तिशीची बाई असेल, पण चालत नव्हती, खुरडत होती. तिच्या पायाला नारू झाला होता. नारू म्हणजे हात-दीड हात लांबीची दोऱ्यासारखी अळी, माणसाच्या पायातून बाहेर येणारी. आम्ही पुस्तकात वाचलं होतं. रुख्मानं शेवटच्या पायरीवर बसून सुजलेला पाय पाण्यात सोडला आणि डोळे मिटले.

केशोराव हळूच म्हणाले, "बोलू नका. बघा."

जखमेतून पांढरा धागा लोंबत होता. पाणी लागताच त्याच्या टोकातून दुधासारखं काहीतरी निघालं आणि हिरवट पाण्यात पसरत गेलं. केशोरावांनी समजावून सांगितलं. हे दूध म्हणजे अळीची हजारो पिल्लं. त्या पिल्लांना पाण्यातले बारीक किडे गिळतात, ते किडे पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात. मग ही अळी वर्षभर अंगातून वाट काढत पायापर्यंत येते आणि तिथं अशी आग पेटवते की माणूस थंड पाणी शोधत निघतो. म्हणजे पुन्हा विहिरीवरच येतो.

मला किळस यायला हवी होती. आली नाही. मी थक्क झाले होते. जिला डोळे नाहीत, जिला डोकं म्हणावं असं काही नाही, ती अळी धडधाकट माणसाला हाताला धरून पायऱ्या उतरवत होती, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या. सहा वर्षं मी शरीर शिकले होते, पण रोग नावाची गोष्ट त्या सकाळी पहिल्यांदा बघितली.

रुख्मानं सगळं ऐकलं होतं. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मीच सोडून राहिली का हे, साऱ्याइच्या पान्यात?"

तिनं पाय बाहेर काढला तो पुन्हा कधी विहिरीत घातला नाही. केशोरावांनी तिला लुगड्याचं फडकं चौपदरी करून पाणी गाळायला शिकवलं, आणि त्या दिवसापासून तिच्या घरात न गाळलेला थेंब गेला नाही. मात्र बाकीचं गाव हसलं. पाणी गाळायला आपण काय साधू आहोत का, असं म्हणालं.

रुख्माचा तो तिसरा नारू. ती आणि तिचा नवरा सुकराम पाटलांच्या बांध्या बटईनं, निम्म्या पिकावर, करत. मागची दोन्ही वर्षं ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, ती खाटेवर पडून राहिली. आमच्याकडे रोवणा म्हणजे बायकांचं काम, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. निम्म्या बांध्या पडीक गेल्या. यंदा तर नारू आतच तुटला, पाय पिकला, म्हणजे हाही रोवणा गेला. पाटलांनी सुकरामला सांगून ठेवलं की पुढच्या सालीही बायको उभी नसेल तर बांध्या दुसऱ्याला देईन. पाटील दुष्ट नव्हते. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही पायांवर नारूचे डाग होते. तेही आडवे पडले होते, त्यांचा बापही पडला होता.

केशोरावांचं म्हणणं सरळ होतं. पायऱ्या काढा, वर कठडा बांधा, रहाट बसवा, माणसाचा पाय पाण्याला लागू देऊ नका. पाटलांच्या ओट्यावर आम्ही रोज हेच सांगायला जायचो. पाटील चहा पाजायचे आणि मान हलवायचे. नारू इथल्या माणसांच्या रक्तातच आहे, बापाकडून मुलाकडे येतो, पाण्याचा काय संबंध, असं म्हणायचे. एक दिवस मात्र त्यांचा आवाज चढला आणि खरं काय ते बाहेर पडलं.

"माह्या आजानं गावाले रोग पाजला म्हंता का, डाक्टर?"

मी मान खाली घातली. त्या विहिरीच्या पुण्याईवर हे घर उभं होतं. दर दिवाळीला पहिला दिवा पायरीवर लागायचा. आम्ही ते पुण्यच खोटं ठरवायला आलो होतो आणि वर चहा पीत होतो.

पाटील जरा शांत झाले. मग घनश्यामकडे बघून म्हणाले, "तुमच्या गावात नारू नाई. तुमच्या रक्तात नाई. आमचं पानी प्या, आमी पितो तसंच. पुढच्या सालाले तुमच्या पायातून निघाला, त पायऱ्या मी आपल्या हातानं काढीन."

घनश्याम म्हणाला, "द्या लोटा."

मी त्याचा हात धरला. तो झटकून त्यानं लोटा तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायला. एवढ्यावर थांबला नाही. गावात होतो तोवर रोज सकाळी विहिरीत उतरायचा आणि ओंजळीनं प्यायचा, सगळ्यांदेखत. केशोराव संतापले. मी तुम्हाला रोग थांबवायला शिकवतो आहे, पोसायला नाही, म्हणाले. शिवाय वर्षभर गाव तेच पाणी पिणार, त्याचं काय? घनश्यामनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पायऱ्या उद्या निघणार असतील तर मी आजच थांबतो. निघतील का?" केशोरावांनाही माहीत होतं की निघणार नाहीत.

प्रशिक्षण संपलं. मला भंडारा जिल्ह्यातल्या गोरेगावचं केंद्र मिळालं, त्याला तिरोड्याकडचं. भंडाऱ्याला बैठकीला भेट व्हायची तेव्हा तो आधी चप्पल काढून पाय तपासायचा, मग नमस्कार करायचा. डॉक्टरनं आपल्याला रोग व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसावं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मला हसू यायचं. पण देवासमोर उभी राहिले की आधी मागायची, याला काही होऊ देऊ नकोस. मग रुख्माची खाट आठवायची आणि मी म्हणायची, नाही, होऊ दे. देवानं तरी माझं काय ऐकावं?

केशोराव मात्र त्या वर्षात वरचेवर त्या गावी गेले. जाऊन काय करता, असं विचारलं तर म्हणाले, रुख्माचं फडकं बघून येतो.

पुढच्या जेठात, गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी, तो मोटारीतून लंगडत उतरला. घामानं चिंब झालेला, अंगात कणकण, आणि तोंडावर हसू. केंद्राच्या पायरीवर बसून त्यानं धोतराचा काठ वर केला. घोट्यावर लिंबाएवढा फोड आला होता.

"आला," म्हणाला.

मी त्याला आधी वाटेल ते बोलले. मग मला रडू फुटलं. घाबरून नव्हे. दहा-अकरा महिने हा माणूस अंगात ती अळी घेऊन हिंडला होता, दुसऱ्यांचे ताप बघत होता आणि तिची वाट पाहत होता. इतकं कुणी कुणासाठी करतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच क्षणी मी त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. दोन्ही घरांनी पुढे जो गोंधळ घातला तो वेगळा.

बैलगाडीनं आम्ही गावी पोचलो. केशोरावांना निरोप गेला होता, तेही आले. पाटलांच्या ओट्यावर पितळी परात ठेवली, तिच्यात विहिरीचं पाणी ओतलं. सगळं गाव गोळा झालं होतं. घनश्यामनं पाय परातीत ठेवला. फोड फुटला, पांढरं टोक दिसलं, आणि उथळ पाण्यात तेच दूध पसरलं. परातीत ते विहिरीपेक्षाही ठळक दिसत होतं. पाटील वाकून बघत होते. आपल्या पायांतून दोनदा निघालेलं ते त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं.

"आग होते का?" त्यांनी विचारलं.

"होऊन राहिली."

"हो. तशीच होते."

केशोरावांनी परातीतलं पाणी जपून नेऊन पेटत्या चुलीवर ओतलं. पाटील उठले, घरातून लोखंडी सब्बल घेऊन आले आणि विहिरीकडे चालू लागले. पाणी तळाला गेलं होतं, पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. पहिल्या पायरीखाली त्यांनी सब्बल घातली आणि थांबले. मला वाटलं, आता माघार घेतात. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "आजाले मालूम असतं, त त्यानंच काढल्या असत्या."

मग दगड हलला. पुरुष धावले, सुकराम सगळ्यांत आधी. पाटलांनी एकही दगड बाहेर जाऊ दिला नाही. पायऱ्यांच्या दगडांचाच वर कठडा रचला गेला, पाऊस पडायच्या आत रहाटही बसला. त्या वर्षी दिवाळीचा दिवा कठड्यावर लागला, असं मागाहून कळलं.

घनश्यामला हलवता येत नव्हतं. बाहेर आलेली अळी बांबूच्या काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळायची. घाई केली तर तुटते आणि पाय सडतो. रुख्मानं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. मी गोरेगावला परतले.

आखाडात पाऊस लागला. एक दिवसाची सुटी काढून मी चिखल तुडवत त्या गावी गेले. रुख्माच्या घराचं दार उघडं, घरात सामसूम. आत खाटेवर घनश्याम एकटाच पडला होता, पायाला काडी बांधलेली, दाढी वाढलेली. तीच खाट. गेल्या आखाडात मी याच खाटेशी बसून रुख्माच्या पायावर फडकं धरलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी विचारलं, रुख्मा कुठं आहे? त्यानं नुसता दाराकडे हात केला.

मी धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, जाऊन उभी राहिले. बांधीत बायकांची रांग वाकलेली होती, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, हातात पऱ्ह्याच्या, कोवळ्या रोपांच्या, जुड्या. एकेक पाऊल मागे घेत सगळ्या रोवत चालल्या होत्या. त्यांतली रुख्मा कोणती ते मला कळेना. मी तिला बांधीत कधी बघितलंच नव्हतं. मग एक उंच बाई कंबर सरळ करायला उठली, कपाळावरचं पाणी मनगटानं पुसलं, आणि ती तीच होती. मागे हिरवी झालेली सगळी बांधी होती.

औषधाची पेटी अजूनही कुलपातच होती. कुणाला गोळी दिली नव्हती, सुई टोचली नव्हती. वर्षभर पाणी गाळून प्यायलेली बाई रोवत होती, एवढंच. माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

रुख्मानं मला बघितलं. मला वाटलं, येईल, काही बोलेल, पाया पडू लागेल आणि मला संकोच होईल. ती जागची हलली नाही. जुडीतून पुढचं रोप सुटं करत तिनं तिथूनच हाक दिली.

"डाक्टरीनबाई, चुलीवर पेज हाय. डाक्टरले वाढून देजो. मले आज उसंत नाई."

आणि ती पुन्हा वाकली.