क्षमावाणीचा फोन

क्षमावाणीच्या दिवशी समोरचा माफी मागत असताना फोन कापायचा नसतो. पर्वाचे उपास संपले की समडोळीतल्या जैनांच्या घरोघरी माणसं एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतात, लांबचे फोनवर म्हणतात. आणि मधेच फोन ठेवला तर सगळे उपास वाया, असं आमचा नेमाण्णा मानतो. शास्त्रात असं नाही म्हणे, पण नेमाण्णात आहे.

मी हुसेन. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून दात गेले, तेव्हापासून नुसत्या थापा वाजवतो. वारणेतल्या मगरीला मी तंबाखू चारली, तिला ठसका लागला आणि त्या ठसक्यानं पूर उतरला, हे गावात एक माणूस मानत नाही. पूर उतरला होता की नाही, ते विचारा!

तर त्या दिवशी नेमाण्णाकडं क्षमा मागायला आणि शेंगाची पोळी खायला गेलो. बघतो तर गडी घराच्या पुढच्या सोप्यात येरझाऱ्या घालतोय. फोन तळहातावर, आवाज मोठा केलेला, कपाळावर घाम.

"काका, आधी बँकेतर्फे मी तुमची माफी मागतो," फोनमधला पोरगा म्हणत होता. मधात बुडवून काढलेला आवाज. "साताऱ्यात बसून कुणीतरी तुमच्या खात्यातले पैसे काढतंय. लक्ष ठेवायला आम्ही चुकलो."

"सायेब, परवा मिरजंला मंडळीच्या गुडघ्याचं आपरेशन हाय. त्येच पैसं हायती ते!"

"काकूंचं? अरेरे. माझ्या आईचंही झालं, काका. मी तुम्हाला मुलासारखा. मेसेजमध्ये नंबर येईल, तेवढा वाचा, मी लगेच थांबवतो. साताऱ्यात कोण असतं तुमचं?"

"लेक. स्वप्नाली."

"मग तिलाही बोलू नका. अशा कामात घरातलंच माणूस निघतं."

नेमाण्णाचा चेहरा असा उतरला, की मला मगरीनं उतरवलेल्या पुराची आठवण झाली.

मी कानाशी लागलो. "नेमाण्णा, ठेव त्यो फोन. चोर हाय."

"तुझं खरं कवा असतंय रं?" तो फिस्कारला. "त्यो माफी मागतोय. आज! चोर कवा माफी मागतंय व्हय?"

झालं. माझी मगर मलाच आडवी आली. पण उभी हयात थापा मारलेल्या माणसाला थाप कळते. मी ऐकणाऱ्याला कधी घाई केली नाही, थाप लोणच्यासारखी मुरू द्यावी लागते. हा पोरगा तर नेमाण्णाला खाली टेकूही देत नव्हता.

मेसेज आला. नेमाण्णाचा चष्मा बाजेवर होता. मी त्यावर बसलो. काडी मोडल्याचा आवाज झाला, त्यावर खोकलो.

"चष्मा कुटं गेला? आत्ता हितं हुता!" त्यानं उशा उलट्या केल्या, वाकळ झाडली.

"काका, वेळ संपतोय. काकूंचा विचार करा."

"हुसेन, तू वाच बाबा. लवकर!"

मी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि मनाला येतील ते आकडे खणखणीत वाचले.

"चुकलं काका. परत पाठवतो."

परत आला, परत वाचला. आता मी सुरात आलो होतो. पुढच्या खेपेला तर दोन आकडे पदरचे घातले. पलीकडचा मध आटत चालला.

"नीट वाच ना! आंधळा आहेस का?"

नेमाण्णानं फोनला हात जोडले. "सायेब, क्षमा करा. मंडळीचा गुडघा..."

"खड्ड्यात गेला तिचा गुडघा! नंबर वाच, थेरड्या!"

चंदनबालावहिनी स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. दुखरा पाय ओढत आल्या आणि माझ्या हातातला फोन घेतला.

"बाळा, उत्तम क्षमा," म्हणाल्या. "तुझ्या आईचा गुडघा जप हां." आणि फोन ठेवला.

नेमाण्णा मटकन बाजेवर बसला. मी हळूच खालून चष्मा काढला.

"याची तेवढी क्षमा न्हाई मिळायची, भावजी," वहिनी म्हणाल्या. पण हसू कुणालाच आलं नाही.

तेवढ्यात फोन परत वाजला. तिघंही दचकलो. नाव आलं होतं, स्वप्नाली. दरसाल याच वेळेला ती बापाची क्षमा मागते.

नेमाण्णाचा हात पुढं गेला, मागं आला.

"नाव बी खोटं दावत्यात म्हणं."

"आवं, लेक हाय तुमची!"

"त्यो बी मुलासारखाच हुता."

फोन वाजत राहिला. नेमाण्णा माझ्याकडं वळला. उभ्या जन्मात त्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं. "हुसेन, खरं सांग. उचलू?"

"उचल, गड्या."

त्यानं उचलला, कानाला लावला. पलीकडनं पोरीचा आवाज येत होता, "आण्णा? आण्णा, बोला की! काय झालंय?"

नेमाण्णा माझ्या तोंडाकडं बघत होता.