मामांच्या जागी बसून

प्रतिभा लोणीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि सर्वनामांच्या बाबतीत तिच्याइतकी खाष्ट बाई पंचक्रोशीत नव्हती. एक बाप्या असला की ‘ही’, बाई असली की ‘शी’, पुष्कळ जण असले की ‘दे’. यात कुणाची भीडमुर्वत नाही. पण सहावीची पोरं हट्टी. ‘माय फादर’ लिहून झालं की पुढं हटकून ‘दे’ लिहायची. जन्मदात्या बापाला अरेतुरे कसं करायचं, असा त्यांचा सवाल. प्रतिभा लाल रेघ मारून मोकळी व्हायची.

घरात मात्र तिचीच भाषा अडून बसली होती. तिचे सासरे रखमाजी मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, यातच त्यांचा जन्म गेला. गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि ते घाटात पडले. नवरा दत्ता बापापुढं तोंड उघडेना. शेवटी प्रतिभाच म्हणाली, मामा, मेंढरं विका, आता बास झालं. मामांनी ऐकलं. पिकअप आली, कळप गेला, आणि त्या दिवसापासून सासऱ्या-सुनेतलं बोलणं आटलं. ती ताट वाढायची, ते जेवून उठायचे. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. प्रतिभाला वडील आठवतही नव्हते. या म्हाताऱ्यावर तिचा जीव होता. आपण त्यांचं काळीजच विकलं की काय, हे विचारायचा धीर तिला होत नव्हता.

अशात लोकरीचा अभ्यास करणारी एक परदेशी बाई गावात आली. तिचा दुभाषा मंचरला तापानं आडवा झाला होता. सरपंच दादाभाऊंनी तिला मामांसमोर, मेंढरं कोंडायच्या रिकाम्या जाळीपाशी नेऊन बसवलं आणि शाळेतून इंग्रजीच्या बाईंना बोलावणं धाडलं. शाळेतली बाई या म्हाताऱ्याचीच सून आहे, हे सांगण्याइतकं इंग्रजी दादाभाऊंकडं नव्हतं, आणि प्रतिभाला ते सांगायची लाज वाटली.

पाहुणी विचारायची, मामा सांगायचे, प्रतिभा इंग्रजीत करायची. पण ‘ही’ म्हणायची वेळ आली आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. मामांना, त्यांच्या तोंडावर, एकेरी? तिच्या तोंडून निघालं ‘दे’. ‘दे’ घाटात मुक्काम करायचे, ‘दे’ मेंढरं कातरायचे. थोड्या वेळानं पाहुणीनं अदबीनं विचारलं, बाकीचे भाऊ कुठं असतात, त्यांनाही भेटता येईल का? सहावीच्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं खरं कारण सांगितलं तेव्हा पाहुणी मनापासून हसली. म्हणाली, मग ‘ही’ही नको आणि ‘दे’ही नको. त्यांच्या जागी बसा आणि सरळ ‘आय’ म्हणा, दुभाषे तसंच करतात.

हे जमलं. प्रतिभा ‘आय’ म्हणत कोकणात उतरली, ओलं कोकरू घोंगडीत गुंडाळून घाट चढली. माझी बायको साळुबाई गेली तेव्हा मी लांब रानात होतो, मला माती द्यायलाही मिळालं नाही, हेही तिनंच सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून म्हातारा तिला एवढा कधी कळला नव्हता.

मग पाहुणीनं विचारलं, मेंढरं का विकली? प्रश्न गाळावा असं प्रतिभाच्या फार मनात आलं. पण तिनं तो गाळला नाही.

मामांनी नजर जाळीकडं वळवली. "सुनंनं ईकाया लावली," ते म्हणाले.

प्रतिभानं तसंच्या तसं सांगितलं. चोरानं आपलीच चोरी कबूल करावी तसं तिला झालं.

"लई राग आला व्हता," मामा पुढं म्हणाले. "पर गुडघं गेलं व्हतं, ते मला काय ठावं नव्हतं व्हय? माज्या तोंडातनं ‘ईका’ निगालं नसतं. मी घाटातच मेलो असतो. तिनं वाईटपना घेतला. पोटच्या पोराला न्हाई जमलं."

प्रतिभा ‘शी’ म्हणाली आणि तिथंच अडली. दुसऱ्याचं कौतुक असतं तर घडाघडा सांगितलं असतं. हे तिचं स्वतःचं होतं, आणि तेही मामांच्या तोंडचं. पदरानं नाक पुसत तिनं कसंबसं वाक्य पुरं केलं. पाहुणीला नवल वाटलं. ही सून असते कुठं, मला तिला भेटायचंय, ती म्हणाली. प्रतिभानं मान खाली घालून प्रश्न मराठीत केला.

मामांनी जाळीवरची नजर काढली आणि कळप गेल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"म्हनावं, माज्याच घरात असती. पर मेंढरं गेल्यापसनं माज्याशी बोलत न्हाई. तिला वाटतं म्हातारा रुसलाय, मला वाटतं पोरगी रुसलीया. आता तिनंच बोलाया पायजे. मला मेल्याला न्हाई जमत."

"बोलते, मामा," प्रतिभा म्हणाली.

दादाभाऊ उगाच आभाळाकडं बघायला लागले. पाहुणी इंग्रजीची वाट बघत थांबली होती, पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गुडघे अजून फार दुखतात का, असं प्रतिभानं विचारलं, आणि मामा कुठं कुठं दुखतं ते सांगत बसले.