नात्तो कुणी खाल्लाय?

फुशिमीच्या साकेवाल्या, म्हणजे तांदळाच्या दारूचे कारखाने असलेल्या, गल्ल्यांतून दर शनिवारी दहाला निघणारी पर्यटकांची फेरी तामोत्सु मिनेगिशीने डोळे मिटूनही पुरी केली असती. कालव्यावरचा पूल, जुनी विहीर, कारखान्यांच्या काळपट लाकडी भिंती, आणि शेवटी मिनेगिशींच्या कारखान्याचं दार. कुठे थांबायचं, कुठल्या विनोदावर लोक हसतात, सगळं ठरलेलं. अकरा वर्षं हेच चाललं होतं. आडनावसुद्धा त्याचं स्वतःचं नव्हतं. मिनेगिशींना मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्या मिसाओशी लग्न करून तो घरजावई झाला आणि त्यांचं नाव लावू लागला.

गंमत अशी, की तामोत्सु मितो गावचा आणि त्याच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा नात्तोचा. आंबवलेल्या सोयाबीनचा तो चिकट, तार सुटणारा पदार्थ कुणी चवीने खातं, कुणी नाक दाबून. साके करणाऱ्यांना मात्र हंगामात त्याचं नावही चालत नाही. नात्तोचे जंतू महाचिवट. कपड्यांवर, केसांत बसून ते तांदळावर साकेची बुरशी चढवायच्या खोलीत शिरले, की हंगाम नासलाच म्हणून समजा. त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल तामोत्सुला नात्तो बंद आणि माहेरही बंद. हो, माहेरच म्हणायचं. घरजावयाच्या घराला दुसरं काय म्हणणार? कामगार त्याला 'नात्तोवाले' म्हणून चिडवायचे आणि तो त्यांच्याबरोबर हसायचा.

गेल्या वर्षी जानेवारीत त्याचे वडील गेले. सासरे गेन्झाबुरो म्हणाले, बुरशीची खोली ऐन भरात आहे, आता जाशील तर हंगाम संपेपर्यंत या दारात पाऊल टाकू नकोस. तामोत्सु गेला नाही. एप्रिलमध्ये गेला तेव्हा वडिलांच्या अस्थीही पुरून झाल्या होत्या. आईने त्याला एका शब्दाने विचारलं नाही, जेवायला वाढलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वर्षभर वाटत राहिलं.

आज फेरीला बारा माणसं होती. विहिरीपाशी सगळ्यांनी बांबूच्या पळीने पाणी प्यायलं. शेवटी एक ठेंगणी म्हातारी पुढे झाली. तोंडाला मास्क, अंगात नवाकोरा तपकिरी कोट, बाहीला किमतीच्या चिठ्ठीचा दोरा तसाच लोंबत होता. पाणी पिऊन तिने रुमालाच्या टोकाने पळीची कड पुसली. एकदा, मग उलटी धरून पुन्हा एकदा. दुकानातलं माप अशीच दोनदा पुसणारी बाई तामोत्सुने जगात एकच पाहिली होती.

आई मितोहून इथे, फेब्रुवारीत, पैसे भरून त्याच्याच फेरीत. तिने नजरेनेच खुणावलं, बोलत राहा. तो बोलत राहिला. पाणी किती मऊ आहे, तांदूळ किती घासतात, दारावरचा देवदाराच्या फांद्यांचा गोळा साके मुरेल तसा हिरव्याचा तपकिरी कसा होतो. आई मागून दहा पावलं अंतर ठेवून चालत होती आणि शब्द त्याच्या तोंडून आपोआप गळत होते. हक्काच्या विनोदावर कुणी हसलं नाही. तो शेवट विसरला होता.

कारखान्याच्या दाराशी तो थांबला. इथे एक प्रश्न विचारावाच लागे. तो न विचारता आजवर एकही माणूस आत गेला नव्हता.

"आज सकाळी नात्तो कुणी खाल्लाय?"

लोक हसून एकमेकांकडे पाहू लागले. मागून एक हात वर आला.

"मग तुम्हाला बाहेरच थांबावं लागेल," तामोत्सु म्हणाला. स्वतःच्या आईला 'तुम्ही' म्हणताना त्याची जीभ अडखळली. बाकीच्यांना दोन मिनिटं थांबायला सांगून तो तिच्याकडे गेला.

"आई, तू खरंच खाऊन आलीस?"

"छे रे. तीन दिवस नात्तोला हात लावला नाही. रोज दोनदा न्हाले, अंगावरचं सगळं नवं घेतलं. म्हटलं, आत येऊन बघावं तू कुठे बसतोस, कुठे जेवतोस."

"मग हात का वर केलास?"

"तू विचारलंस म्हणून. पन्नास वर्षं हे हात त्यातच आहेत, तामो. न्हाऊन जाईल होय?" ती जरा थांबली. "दुकान विकलं. परवा साप्पोरोला मावशीकडे जातेय, कायमची. एप्रिलपर्यंत थांबले असते, पण घेणाऱ्यांना घरही लगेच रिकामं करून हवंय. तुझं तोंड बघितलं, झालं माझं काम. जा आता."

त्याने हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"शिवू नकोस. तुला आत जायचंय."

आणि तामोत्सुला एकदम रडू फुटलं. सासऱ्यांचा नियम आईनेही अंगाला लावून घेतला होता. त्याला वाचवायला ती इतक्या लांब येऊन दहा पावलांवर उभी होती.

दार उघडून गेन्झाबुरो बाहेर आले. लोक थंडीत का उभे आहेत, असं त्यांनी विचारलं. मग म्हातारीकडे नजर गेली आणि त्यांनी तिला ओळखलं. मान तुकवून नमस्कार केला, पण दारातून हलले नाहीत.

तामोत्सुने आईच्या पाठीमागचे हात सोडवून पुढे घेतले. ते थंडगार, खरखरीत होते, आणि कितीही न्हाली तरी त्यांना तोच वास होता. ते त्याने आपल्या दोन्ही गालांवर धरले. ती "अरे, अरे" म्हणत राहिली.

"तामोत्सु," सासरे हळूच म्हणाले, "लोकांना आत आण."

"प्रश्न राहिला, बाबा."

"कुठला?"

"मला कुणी विचारलं नाही."

गेन्झाबुरोंनी जड आवाजात, नियमाप्रमाणे, विचारलं, "नात्तो कुणी खाल्लाय?"

तामोत्सुने एका हाताने आईचा हात घट्ट धरला आणि दुसरा वर केला.