कागदाची मागची बाजू

भिंगबाईंनी फूटपट्टी आलेखाच्या कागदावर टेकवली, एक डोळा मिटला आणि पट्टीच्या कडेने पाहिलं. चौदा ठिपके होते आणि चौदाच्या चौदा पट्टीला चिकटून बसले होते. एकही ठिपका केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"मुंगी, उभी राहा."

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. तिचं अक्षर इतकं बारीक होतं की वर्गाने तिला हे नाव पाचवीतच देऊन टाकलं होतं, आणि आता सातवीत तिच्या आईखेरीज तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. बाईंचं नावही वर्गानेच ठेवलेलं. ते आपल्या कानावर आलेलं नाही असं बाई दाखवत, पण मनातून त्यांना ते आवडायचं. बावीस वर्षं गणित शिकवून त्यांची एका गोष्टीबद्दल पक्की खात्री झाली होती: मुलं खोटं बोलतात, आणि खोटे आकडे खऱ्यापेक्षा जास्त नीटनेटके असतात.

गृहपाठ सोपा होता. घरातली रोज बदलणारी एखादी गोष्ट निवडायची, चौदा दिवस ठरल्या वेळी मोजायची आणि आलेख काढायचा. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर माप. एकाने कुंडीतलं रोप मोजलं होतं आणि ते पाचव्या दिवशी दोन सेंटीमीटरने खुजं झालं होतं, कारण धाकट्या भावाने शेंडा खाल्ला. बाईंनी त्याला डोळे झाकून पूर्ण गुण दिले. असलं कुणी रचून लिहीत नाही.

मुंगीने बाबांच्या स्कूटरचं मीटर निवडलं होतं. कल्पना चांगली होती. आठ हजारांच्या पुढचे आकडे मांडायचे म्हणून तिने उभ्या रेषेच्या तळाशी ती छोटी नागमोडी खूणही आठवणीने केली होती. बाकी अर्ध्या वर्गाने शून्यापासून सुरुवात करून सगळे ठिपके वरच्या कोपऱ्यात कोंबले होते.

"हे तू रोज संध्याकाळी मीटर बघून लिहिलंस?"

"हो, बाई."

"बाबांचं कामाचं ठिकाण किती लांब आहे?"

"चौदा किलोमीटर. ते गोदामात नोकरी करतात ना, तिथे. जाऊन येऊन अठ्ठावीस."

"आणि रविवारी?"

मुंगीने बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"रविवारी गोदाम उघडं असतं?"

"नाही, बाई."

"मग रविवारी स्कूटर आपली आपणच अठ्ठावीस किलोमीटर भटकून आली म्हणायची."

वर्ग खिदळला. बाईंनी हसू दिलं, मग पट्टी टेबलावर आपटली.

"परवा बुधवारी पालकसभा आहे. बाबांना स्कूटर घेऊन यायला सांग. मीटर मी स्वतः बघते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मुंगी बस म्हणायच्या आतच खाली बसली. तिने पेन्सिल कंपासपेटीत ठेवली, बाहेर काढली आणि पुन्हा ठेवली.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आमची स्कूटर गॅरेजमध्ये आहे. शनिवारपर्यंत मिळणार नाही."

"असं? कधी दिली?"

"काल."

"बरं. जा."

त्याच दिवशी सकाळी बाईंनी तिला फाटकाशी स्कूटरवरून उतरताना पाहिलं होतं. बाबांनी तिचं दप्तर तिच्या खांद्यावर चढवलं, पट्टा सारखा केला आणि ती आत जाईपर्यंत तिथेच थांबले होते. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. रविवारचं विसरणं ही चूक झाली. पण स्कूटरच लपवायची म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यांनी कपाटातून कागद काढला आणि उलटा केला. ही त्यांची खास युक्ती होती. ठिपका असा द्यायचा की मागच्या बाजूने बोटाला लागला पाहिजे, असं त्या दरवर्षी पहिल्याच तासाला बजावत. मुलांना वाटे बाईंना ठळक ठिपके आवडतात. खरं कारण वेगळं होतं. समोरची बाजू खोडरबराने साफ होते, मागची होत नाही.

त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. पहिल्या सहा दिवसांचा एकेकच ठिपका लागला. सातव्यापासून पुढे दोन दोन लागले, एक वर आणि एक खाली. खालच्या ठिपक्यांवर बोट नेलं तर चढ लागेचना. जेमतेम वर सरकत ते आडवेच चालले होते. बाईंनी कागद खिडकीशी धरून घरं मोजली. पहिल्या आठवड्यात रोज अठ्ठावीस. रविवारी काही नाही. दुसऱ्या सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज तीन, रविवारी पुन्हा काही नाही.

चढ म्हणजे चाललंय, सपाट म्हणजे थांबलंय. फळ्यावर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं आणि वर्गाकडून तीनदा म्हणून घेतलं होतं.

दीड किलोमीटर जायचं, दीड यायचं. एवढ्या अंतरात काय काय येतं ते बाई मोजू लागल्या. शाळा, बसस्थानक, वाचनालय, बाग, पत्त्यांचा क्लब. बावीस वर्षं संशयाची सवय लागलेलं मन बागेपाशी थांबेना. माणूस सकाळी बायकोचा निरोप घेऊन निघतो आणि गावातल्या गावात दिवस काढतो, म्हणजे काहीतरी भानगड असणार. आणि या सगळ्यावर पांघरूण घालायला पोरीला कामाला लावलं असेल तर? बाईंना संताप आला. मुंगीच्या आईला कुणीतरी सांगायलाच हवं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी मुंगीला थांबवलं आणि कागद तिच्यासमोर उलटा ठेवला.

"बोट फिरव."

मुंगीने बोट फिरवलं आणि एकदम मागे घेतलं.

"ते चुकले होते, बाई."

"चुकले होते की खरे होते?"

ती बाकाची कड नखाने खरवडू लागली.

"बाबांनी सांगितलं असं काढायला?"

"नाही! त्यांना माहीतच नाही मी मीटर बघते ते." मग हळू आवाजात म्हणाली, "आई रोज साडेपाचला उठून डबा करते, बाई."

एवढं म्हणून तिने दप्तर उचललं. बाईंनी तिला जाऊ दिलं. पण रात्री जेवताना घास घेऊन त्या तशाच बसून राहिल्या, आणि वर्गात आपण पट्टी उगाच आपटली असं त्यांना वाटलं. तरी तिच्या बाबांबद्दलचा संशय काही गेला नाही. उद्या तो समोर येऊ दे, मग बघू, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

बुधवारी पालक दुपारीच जमले. मुंगीची आई शिवणकाम करायची. घाईत निघाल्याने तिच्या बाहीला दोन टाचण्या तशाच राहिल्या होत्या. भिंतीवरच्या आलेखांत लेकीचा नाही हे पाहून ती थेट टेबलापाशी आली. बाईंनी कागद दिला, तशी तिने तो दोन्ही हातांत धरला.

"बघा तरी, रोज अठ्ठावीस किलोमीटर! मी म्हणते ना, माणूस थकणारच. हल्ली घरी आले की बोलत सुद्धा नाहीत. आज अर्धी रजा काढून आलेत हं, बाई. खास हिच्यासाठी."

तिच्या मागे मुंगीचे बाबा उभे होते. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन. ते भिंतीकडे बघत होते.

"मुलगी म्हणत होती, स्कूटर गॅरेजला आहे," बाई म्हणाल्या.

"छे, स्कूटरवरच तर आलो," आई म्हणाली. "तुम्ही मीटर बघणार असं वर्गातल्या मुलांकडून कळलं. चला की अहो, दाखवा बाईंना."

नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. चौघंही खाली आली. मुंगी सर्वांत मागे, एकेक पायरी उतरत होती.

स्कूटर भिंतीला लागून उभी होती. पुढच्या हुकाला डब्याची पिशवी अडकवलेली होती आणि तिच्यामागे घडी घातलेलं वर्तमानपत्र खोचलेलं होतं. बाई मीटर वाचायला वाकल्या आणि आधी त्यांना वर्तमानपत्रच दिसलं. नोकरीच्या जाहिरातींचं पान. काही चौकटींभोवती पेनाने गोल केले होते, आणि बहुतेक गोलांवर नंतर काट मारली होती.

सगळा संशय तिथेच मिटला. बाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

मीटरवर ८३०६ होते.

"किती आहेत, बाई?" आईने विचारलं. आलेख तिने छातीशी धरला होता.

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. आलेखाच्या शेवटी आठ हजार पाचशे चार. त्यात तीन दिवसांचे चौऱ्याऐंशी.

"आठ हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "आलेख बरोबर आहे."

बावीस वर्षांत त्यांनी मोठ्याने उच्चारलेला हा पहिला खोटा आकडा. तो त्यांच्या तोंडून इतका सरळ बाहेर पडला की त्या स्वतःच दचकल्या.

"मी म्हटलं नव्हतं?" आई हसली. "आमची पोर आकडे रचायची नाही."

मुंगी बाईंकडे बघत राहिली होती. तिचे बाबाही बाईंकडे बघत होते. मग त्यांनी बायकोच्या हातातला आलेख पाहिला, ती सरळसोट चढत गेलेली रेघ पाहिली, आणि नंतर मुलीकडे पाहिलं. मुंगीने मान खाली घातली.

ते मीटरपाशी खाली बसले. काचेवरची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली.

"बाई, तुम्ही चुकीचं वाचलंत," ते म्हणाले. "आठ हजार तीनशे सहा आहेत."

"काहीतरीच काय, अहो! गणिताच्या बाई आहेत त्या."

"तू वाच," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

आईने कागद मुंगीच्या हातात दिला आणि वाकली. डोळे बारीक करून तिने एकेक आकडा बोट ठेवून वाचला. आठ. तीन. शून्य. सहा. मग पुन्हा वाचला. सरळ होताना तिची नजर वर्तमानपत्रावर गेली, तिथून डब्याच्या पिशवीवर, आणि तिथेच राहिली.

"कधीपासून?"

बाबा मीटरच्या काचेवर पुन्हा अंगठा फिरवू लागले. बाई दुसरीकडे बघू लागल्या. पटांगणात कुणीच नव्हतं.

मुंगी पुढे झाली. तिने कागद उलटा करून स्कूटरच्या सीटवर ठेवला, आईचं बोट धरलं, आणि दुसऱ्या सोमवारच्या खालच्या ठिपक्यावर नेऊन टेकवलं.

"इथून," ती म्हणाली.