गाडी मागे घेताना

लाइल टॉर्गरसनने घरगाडीला सासूचं नाव ठेवलं होतं. गुड्रून. चढ लागला की कण्हते, पिते मात्र भरपूर, आणि जागची हलवायची तर आधी मनधरणी करावी लागते, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. त्याच्या बायकोला, आर्डिसला, खरं तर राग यायला हवा होता. पण तिची आई होतीच तशी, त्यामुळे ती हसायची.

गाडी त्र्याहत्तर सालची. पांढरी पत्र्याची पेटी, तिच्यावर केशरी पट्टा. समोरची काच एवढी थोरली, की ड्रायव्हरशेजारी बसलं की रस्ता आपल्याच मांडीवर येतोय असं वाटावं. ती खुर्ची आर्डिसची. इंजिन दोन खुर्च्यांच्या मधे, झाकणाखाली. सकाळी निघताना आर्डिस त्या उबदार झाकणावर पावाची कणीक फडक्याखाली ठेवायची आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत ती टम्म फुगलेली असायची. असली सोय नव्या गाड्यांत कुठली असायला.

बाकी मग सगळा आनंदच. छत गळायचं ते नेमकं लाइलच्या उशीवर. एक चाक बोटभर खाली असलं तरी फ्रिज संपावर जायचा, म्हणून मुक्कामाला पोहोचलं की आधी चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवत बसा. पेट्रोल भरायला थांबलं की कुणीतरी हमखास यायचं, "माझ्या वडिलांकडे अगदी अश्शीच होती," म्हणायचं, आणि टाकी भरेपर्यंत वडिलांचं अख्खं चरित्र ऐकावं लागायचं. टाकीही मोठी होती. आणि भर जुलैत चढावर इंजिन तापलं, की त्याची उष्णता काढून घ्यायला आतला हीटर पूर्ण सोडायचा. बाहेर ऊन, आत हीटर, आणि दोघं घामाने निथळत, एकमेकांकडे बघून हसत डोंगर चढायचे. हसू यायचं ते डोंगर चढून झाल्यावर, हेही खरं.

तर ही मंडळी दरवर्षीप्रमाणे मिनेसोटातून निघून साउथ डाकोटातल्या ब्लॅक हिल्सला आली.

घरगाडीवाल्यांच्या तळावर संध्याकाळची एकच करमणूक असते. नवी गाडी आली, की आधी आलेले लोक घडीच्या खुर्च्या वळवून बसतात. नवरा गाडी मागे घेतो, बायको मागे उभी राहून हाताने खुणावते, आणि मग दोघांचं जे काही भांडण होतं ते बघायचं. पण टॉर्गरसन पतिपत्नीने प्रेक्षकांची कायम निराशा केली होती. आर्डिस मागच्या कोपऱ्याशी, आरशात दिसेल अशी उभी राहायची आणि गाडीबरोबर पावलापावलाने मागे सरकत जायची. तळवे आत वळवले की ये, डोक्यावर हातांची फुली केली की थांब. आवाज चढवायचा नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जागेवर जायची. लाइलला या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि आर्डिसलाही, ती बोलून दाखवत नसली तरी.

यंदा निघताना लाइलने तिच्यासाठी पिवळाजर्द रेनकोट आणला होता, रस्ता खणणारे घालतात तसला. "घालत जा उभी राहताना. लोक हल्ली वाट्टेल तशी चालवतात," म्हणाला. इतक्या वर्षांनी नवऱ्याला आपली काळजी वाटतेय, म्हणून आर्डिस मनातून सुखावली होती.

तळावर पाइनची उंच झाडं होती आणि खाली त्यांच्या सुयांचा मऊ थर. शेजारच्या जागेत ड्वाइट नावाचा गलेलठ्ठ माणूस आणि त्याची बायको मार्लिस. मार्लिस अगदी हद्दीवर खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती. लाइलने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली तेव्हा ती भांडं आणायला उठली. खुर्ची तशीच राहिली. आर्डिसने हातांची फुली केली.

गाडी येतच राहिली.

"लाइल," ती ओरडली. त्या आवाजाने ब्रेक लागला खरा, पण तोवर खुर्ची चाकाखाली पापडासारखी मोडली होती.

लाइल खाली उतरला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांच्या दिशेने. "तू ये म्हणून खुणावत होतीस की," तो म्हणाला.

सगळे आर्डिसकडे बघत होते. ती म्हणाली, "हो. चुकलंच माझं."

"जाऊ द्या हो," ड्वाइट म्हणाला, "आमच्याकडे रोज काहीतरी मोडतं. तुमचं एकदाचं मोडलं, बरं वाटलं बघून."

लोक हसले. मार्लिस हातात भांडं घेऊन उभी होती, ती हसली नाही. ती खुर्चीच्या फाटक्या बैठकीकडे बघत होती, आणि आर्डिसही.

आर्डिसने आपली खुर्ची मार्लिसला देऊन टाकली, चार वेळा माफी मागितली आणि पाव भाजायला आत गेली. पाव करपला. तिला सगळं कळून चुकलं होतं. रेनकोट एवढा पिवळाजर्द कशासाठी आणला, तेही. आपण सुखावलो होतो हे आठवून तिला स्वतःचीच चीड आली. बोलावं, तर प्रवास संपला. त्यांचा मुलगा कर्टिस केव्हापासून मागे लागला होता, विका ते धूड आणि शहरात फ्लॅट घ्या. मग लाइल स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजणार. आणि नुसत्या लाइलचं का म्हणा, तिचं स्वतःचं काय? मांडीवर येणारा तो रस्ता तिलाही सोडवत नव्हता. पण न बोलावं, तर पुढच्या वेळी खुर्चीत कुणीतरी बसलेलं असेल.

सकाळी कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "माझे हात वर होते, लाइल. मी थांब म्हणत होते."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"म्हणजे नंतर कळलं. चूक तुझी असती तर तू भांडली असतीस. एवढ्या सहज कबूल केलंस तेव्हाच समजलो."

मग त्याने सांगून टाकलं. नजरेचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं पुसट. चष्म्याचा उपयोग नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलंय, हिवाळ्यातच.

"हिवाळ्यात," आर्डिस म्हणाली. "आणि तू मला घेऊन इथवर आलास?"

"रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसते मला."

"रेघ दिसते. आणि समोर माणूस आला असता तर?"

लाइलने कपात चमचा फिरवला. साखर तो घेतच नसे. "मागे घेताना तुझी पावलं ऐकायचो," तो हळूच म्हणाला. "खडीवर वाजतात. तू थांबलीस की मी थांबायचो. काल खाली त्या सुया होत्या."

आर्डिस कप आपटून बाहेर गेली. तळाला एक फेरी मारली. एवढा राग तिला लग्नानंतर कधी आला नव्हता, आणि त्या रागात रडूही येत होतं. मूर्ख म्हातारा. कुणाचा जीव गेला असता. आणि हा आपला पावलं ऐकतोय.

ती परतली तेव्हा गाडीच्या किल्ल्या इंजिनाच्या झाकणावर ठेवलेल्या होत्या.

"कर्टिसला फोन कर," लाइल म्हणाला. "येईल आणि घेऊन जाईल."

आर्डिसने किल्ल्या उचलल्या. "कर्टिसला चढावर हीटर लावायचं तरी सुचेल का?"

"तू कधी चालवलेली नाहीस ही."

"तू कधी दिलीस?"

"तू कधी मागितलीस?"

तेही खरंच होतं. आर्डिस ड्रायव्हरच्या खुर्चीत बसली आणि खुर्ची पुढे सरकवू लागली. "वडिलांचा धान्याचा ट्रक चालवलाय मी शेतावर. गुड्रूनच्या मुलीला गुड्रून चालवता येणार नाही होय? बस तिकडे. आणि तोंड बंद ठेव."

त्याने ते काही ठेवलं नाही. पहिल्याच वळणावर तिने कचऱ्याचा डबा पाडला, तेव्हा "डबा," म्हणून कळवलं. पण मोठा चढ लागला तसा तो मान तिरकी करून ऐकू लागला.

"आता हीटर लाव."

"उष्णतेचा काटा तर जागेवर आहे."

"आवाज बदललाय तिचा."

तिने हीटर सोडला. थोड्या वेळाने काटा चढला, थरथरला आणि तिथेच राहिला. दोघं घामाने निथळत वर पोहोचली. वर आल्यावर आर्डिसला हसू फुटलं. समोरचा रस्ता आता मांडीवर नव्हता, हातात होता, आणि कितीतरी भीती वाटत असूनही तिला तो आवडला. लाइलही हसत होता. आपल्या बाजूच्या खिडकीतून, डोळ्याच्या कडेने, तो मागे जाणारी झाडं बघत होता.

दुपारी दुसऱ्या तळावर पोहोचले. खुर्च्या वळल्याच. लाइलने पिवळा रेनकोट अंगावर चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या.

"आज बाई गाडीत आणि बुवा खाली?" कुणीतरी म्हणालं. लाइलने ऐकलं, त्याचे कान लाल झाले, पण तो जाऊन मागच्या कोपऱ्याशी उभा राहिला. आर्डिसला तो आरशात स्वच्छ दिसत होता. त्याने तळवे आत वळवले. ती इंचाइंचाने मागे येऊ लागली.

अर्ध्यात त्याने एकदम डोक्यावर फुली केली.

आर्डिसने दोन्ही आरसे पाहिले. मागे मोकळी जमीन होती. एका पाइनची काळी सावली आडवी पडली होती, बस.

"येऊ द्या, येऊ द्या, काही नाहीये मागे," खुर्चीतला एक जण ओरडला.

आर्डिसने ब्रेक दाबून धरला.

लाइल वाकला. पाय पुढे करून त्याने ती सावली चाचपली, एकदा, पुन्हा एकदा. मग तो गाडीला हात लावत लावत तिच्या खिडकीशी आला.

"सावली होती," तो म्हणाला.

"हं."

"तुला दिसत होतं ना, काही नाही म्हणून?"

"दिसत होतं."

"मग थांबलीस कशाला?"

"तुझे हात वर होते."

लाइलने गाडीच्या पत्र्यावर एकदा थोपटलं. मग मागे गेला, आणि तळवे आत वळवून तिला बोलावू लागला.