उत्तर ठाऊक असताना

शिक्षक घडवायची आपली रीत ठरलेली आहे. नवशिक्या शिक्षकाने सराव पाठ घ्यायचा, निरीक्षकाने मागच्या बाकावर बसून गुण द्यायचे, आणि विचारलेल्या प्रश्नांना सर्वांत जास्त गुण. निरीक्षक सरांची उभी हयात यात गेली होती. पण बायको गेल्यापासून त्यांना सगळ्याचाच शीण येई. भेटेल तो विचारी, "कसे आहात?" तोंड दिसत असताना लोक हे का विचारतात, ते त्यांना कळत नसे. "ठीक," म्हणून ते पुढे जात.

त्या दिवशी डोंगरातल्या वस्तीच्या शाळेत सराव पाठ होता. शिकवणारी मुलगी याच वस्तीतली. अध्यापक विद्यालयात ती फारशी बोलत नसे, म्हणून बरोबरीच्या मुली तिला 'मुकी' म्हणत. एकदा ती नापास झाली होती. या खेपेला घसरली की शिक्षिका होणं संपलं, आणि वस्तीला पुन्हा बाहेरचा मास्तर, जो आल्या दिवसापासून बदलीची वाट बघणार.

धडा होता विज्ञानातल्या बलाचा. मुकीने फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि सरळ जमिनीवर बसली. पिशवीतून सालीचे तंतू काढून दोरी वळू लागली. तोंडातून अक्षर नाही.

शाळेचे मुख्याध्यापक निरीक्षक सरांच्या कानाशी लागले. "शाळा आहे की दोरखंडाचा कारखाना? एक तरी प्रश्न विचारला का हिने? द्या शून्य आणि चला. चहा निवतोय."

सरांनी प्रश्नांच्या रकान्यात शून्य घातलं. मग सवयीने उठले, दोरी उचलली आणि मुलांना म्हणाले, "सांगा बघू, हे काय आहे?"

मुलं खाली बघू लागली. पुढची एक चिमुरडी ओढणीत तोंड लपवून बसली.

"बघितलंत?" मुख्याध्यापक म्हणाले. "नुसते दगड!"

"दगड नाहीत, सर." मुकी बोलली. "ज्याला उत्तर ठाऊक आहे, तो आमच्यात ते दुसऱ्याला विचारत नाही. विचारलं तर ती थट्टा होते. दोरी तुमच्याच हातात आहे. मुलांना वाटतं, तुम्ही त्यांना खुळ्यात काढताय."

"मग तुमच्यात शिकवतात कसं?" निरीक्षक सरांनी विचारलं.

ती हसली. "हा प्रश्न खरा. हे तुम्हाला खरंच ठाऊक नाही! मोठं माणूस काम करतं आणि दुसरं टोक मोकळं ठेवतं. बघा."

तिने सरांच्या हातातून दोरी घेतली आणि एक टोक मोकळं सोडलं. ओढणीवाली चिमुरडी उठली, तिने ते धरलं. क्षणभराने मागून कोणी ओरडलं, "अगं, असं नाही, सुटेल ते!"

"दोन्ही पदर एका अंगाला पिळ, मग एकमेकांवर उलट्या अंगाला!"

"मग सुटायला बघतात आणि एकमेकांनाच आवळतात!"

वर्ग नुसता कलकलत होता. मुलं आपल्या बोलीत सांगत होती आणि मुकी त्याशेजारी पुस्तकातले शब्द फळ्यावर मांडत होती.

सर बाकावर टेकले. त्यांना बायको आठवली. "दमलात का?" असं तिने कधी विचारलं नाही. दार उघडून तोंडाकडे बघायची आणि पाण्याचा पेला पुढे करायची. दिसत असताना विचारायचं कशाला! आणि आपण मात्र गप्प बसणाऱ्या मुलांपुढे 'प्रतिसाद नाही' लिहीत आलो!

त्यांनी शून्य खोडलं.

"अहो, नियम?" मुख्याध्यापक म्हणाले.

"नियम मी विद्यालयात भांडून बदलून घेईन. तुम्ही चहा घ्या." मग ते मुकीकडे वळले. "पोरी, विद्यालयातल्या शिकाऊ शिक्षकांना हे शिकवायला हवं. मला येत नाही. तू येशील?"

तिने दोरीचं मोकळं टोक सरांपुढे धरलं. गुडघे कुरकुरले, तरी सर जमिनीवर बसले.

वाचकहो, मूल गप्प आहे म्हणून ते रिकामं नसतं. त्याच्या घरात शिकण्याची एक रीत असते. ती आधी शिक्षकाने शिकावी, मगच फळ्याकडे वळावं.